दोनशे चाळीस चौकोन

बँकेतल्या मुलीने संगणकाचा पडदा त्याच्याकडे वळवला आणि पेन्सिलीच्या मागच्या टोकाने एका आकड्यावर टकटक केलं. एकशे एकोणऐंशी. त्याला आधी वाटलं, हा आपला टोकन नंबर असणार. मग आठवलं की टोकन अजून आपल्या मुठीत आहे, घामाने ओलं झालेलं, आणि त्यावर बेचाळीस लिहिलंय. तरीही तो हसला. दुकानात एखादं गिऱ्हाईक दुसऱ्याचाच चष्मा घालून "काही दिसत नाही हो" म्हणून तक्रार करायला लागलं की तो असाच हसायचा, समजुतीचं. "मॅडम, काहीतरी गफलत आहे," तो म्हणाला. "माझे शहाण्णव उरलेत." तिने पुन्हा बघितलं. खातं त्याचंच होतं, पत्ता त्याचाच होता, बायकोचं नावही सहकर्जदार म्हणून बरोबर लिहिलेलं होतं. "शिल्लक हप्ते एकशे एकोणऐंशी, काका," ती म्हणाली. शेजारच्या टेबलावर कोणीतरी शिक्का मारत होतं, ठप, ठप, ठप, आणि त्याला त्या आवाजात एकदम वाटलं की आपण इथे यायलाच नको होतं. आलो नसतो तर शहाण्णवच राहिले असते.

तो चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत काचा घासायचा. बावीस वर्षं. नंबराच्या कागदाप्रमाणे काच घासायची, फ्रेमच्या मापाला कापायची, कडा गुळगुळीत करायच्या, एवढं त्याचं जग. पाव नंबर इकडचा तिकडे झाला तर माणसाचं डोकं दुखतं, जिना उतरताना पाय चुकतो, हे तो प्रत्येक नव्या माणसाला ऐकवायचा, म्हणून दुकानात त्याला सगळे दशांश म्हणत. दशांश आले, दशांश गेले, दशांशांचा चहा कुठाय. तो मनावर घ्यायचा नाही. उलट आतून थोडा सुखावायचा. आणि शहाण्णव हा आकडा काही त्याने हवेतून आणलेला नव्हता. तो कापडावर होता. बारा वर्षांपूर्वी घराच्या किल्ल्या मिळाल्या त्या आठवड्यात बायकोने हॉस्पिटलमधून एक बाद झालेली चादर आणली होती. बायको तिथल्या धुलाईघरात कामाला होती, अजूनही आहे, शनिवारपर्यंत. चादरीचा मधला विरलेला भाग तिने काढून टाकला, चांगला तुकडा बेतला, चारी बाजूंनी दुमडून शिवला आणि त्यावर पट्टीने चौकोन आखले. आडवे बारा, उभे वीस. दोनशे चाळीस. हप्ता गेला की त्या संध्याकाळी एक चौकोन दोऱ्याने भरायचा. दर वर्षी रंग वेगळा. पहिलं वर्ष हिरवं, दुसरं तपकिरी, मग केशरी, जांभळं, जो दोरा स्वस्तात मिळेल तो. सगळे भरले की काच लावून पुढच्या खोलीत टांगायचं, आणि ती काच तो स्वतः कापणार, हे तेव्हाच ठरलेलं. गेल्या आठवड्यात बारावी ओळ पूर्ण झाली. बारा बारे एकशे चव्वेचाळीस, दोनशे चाळिसातून वजा केले की शहाण्णव. यात चुकण्यासारखं काय आहे?

"तुमचा दर बदलता आहे ना," मुलगी म्हणाली. तिचा स्वर चांगला होता, वर्गातल्या मागच्या बाकावरच्या मुलाला गणित समजावणाऱ्या बाईंसारखा. "घेतलंत तेव्हा आठ टक्के होता. दोन वर्षांनी वाढला. आता साडेनऊ आहे."

"पण हप्ता वाढला नाही. एकदाही नाही."

"हप्ता नाही वाढवत आम्ही. मुदत वाढते. म्हणजे व्याज जास्त झालं की तेवढ्याच हप्त्यातला मोठा भाग व्याजात जातो, मुद्दल हळू फिटतं, आणि शेवटी हप्ते वाढत जातात." ती आवाज खाली आणून म्हणाली, "हप्ता वाढला की लोक भांडायला येतात, काका. मुदत वाढली की कोणी येत नाही. तुम्हाला पत्रं आली असतील."

आली होती. बारा वर्षांत सहा पत्रं आली होती आणि सहाच्या सहा पत्रं काचांच्या एका रिकाम्या खोक्यात तारखेप्रमाणे लावून ठेवलेली होती. तो काही निष्काळजी माणूस नव्हता. पत्र आलं की तो चष्मा पुसायचा, पाकीट कात्रीने कापायचा, आणि दाट काळ्या मजकुरातून जाड अक्षरांतली ती एक ओळ शोधायचा: आपल्या मासिक हप्त्यात कोणताही बदल नाही. ती सापडली की त्याचा जीव भांड्यात पडायचा. "बदल नाही!" तो स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडायचा, जणू ती त्याची स्वतःची कमाई होती, आणि आतून ती "चला" म्हणायची, आणि सुईत दोरा ओवायची. पुढची ओळ त्याने एकदाही वाचली नाही. खरं सांगायचं तर वाचायची भीती वाटायची. ते शब्द डोक्यावरून जात आणि ते तसे जातात हे तिच्यासमोर कबूल करायला तो तयार नव्हता. घरातला कागदपत्रांचा माणूस तो होता. एकदा तिने विचारलंही होतं, हातातली भाजी तशीच धरून, "अहो, दर वाढलेत म्हणतात ना? लाँड्रीतल्या सगळ्या बोलत होत्या." तेव्हा तो काय म्हणाला होता? "आपल्याला लागत नाही ते. आपला हप्ता तोच आहे." असं म्हणताना छाती थोडी फुगली होती, तेही आठवलं. अंगावर पाल पडावी तसं झालं त्याला, बँकेच्या त्या थंड खोलीत.

आणि तो आला होता कशासाठी? भेट न्यायला. दुकानात फ्रेमा जोडणारा शेजारच्या टेबलावर बसायचा, त्यानेच डोक्यात भरवलं होतं. "दशांश, नव्या गिऱ्हाइकाला कमी दर आणि जुन्याला जास्त, ही बँकांची रीतच आहे. स्वतःहून कोणी कमी करत नाही, मागावं लागतं. दुसऱ्या बँकेचा कागद घेऊन जा, टेबलावर ठेव, आणि गप्प बस. बोलायचं नाही. गप्प बसलेल्या माणसाला घाबरतात ते." म्हणून त्याने दुसऱ्या बँकेत जाऊन त्यांच्या दराचा कागद आणला होता, उद्याच्या सुटीचीही वाट न बघता आज अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती, आणि रस्त्याने येताना गप्प बसण्याची तालीमही केली होती. शनिवारी बायकोचा कामाचा शेवटचा दिवस. त्या संध्याकाळी तिच्या हातात कागद ठेवायचा आणि म्हणायचं, बघ, शहाण्णवचे नव्वद करून आणले. एवढंच त्याच्या मनात होतं.

आता त्याने तो कागद टेबलावर ठेवला, आणि खरोखरच गप्प बसला. मुलीने कागद वाचला, आत कुठेतरी जाऊन आली, आणि म्हणाली, "सात-नव्वद देतो आम्ही. एक अर्ज, थोडं शुल्क. इथे सही, इथे, आणि इथे. पत्नीची सही उद्यापरवा आणून दिलीत तरी चालेल." घड्याळात बघितलं तर अकरा मिनिटं झाली होती. साडेनऊचे सात-नव्वद, अकरा मिनिटांत. "मी आधी आलो असतो तर?" त्याने विचारलं. तिने कागद एकत्र लावले. "केव्हाही अर्ज करता आला असता, काका." मग त्याला बरं वाटावं म्हणून ती मनापासून हसली. "पण अभिनंदन! हप्ते एकशे एक्कावन्नवर आले. अठ्ठावीस हप्ते वाचले तुमचे." आणि कागदाच्या खालच्या रिकाम्या जागेत पेन्सिलीने तिने आणखी एक आकडेमोड करून दिली. हप्ता तिसऱ्या हिश्शाने वाढवलात तर शहाण्णवमध्येच संपेल. "बघा जमत असेल तर," ती म्हणाली. तो त्या पेन्सिलीच्या ओळीकडे बघत राहिला. हप्त्याचा तिसरा हिस्सा म्हणजे किती हे त्याला तोंडपाठ होतं. तेवढाच पगार तिला हॉस्पिटलमधून मिळायचा.

बस सोडून तो चालत निघाला. दुपारचं ऊन भिंतींवरून खाली उतरत होतं, दुकानांची छपरं रस्त्यावर सावल्या टाकत होती, आणि समोरून येणाऱ्या प्रत्येक माणसाच्या चष्म्याकडे तो सवयीने बघत होता. उणे तीन. वाचायचा. हा आपणच केलेला असेल. शहाण्णव, पंच्याण्णव, चौऱ्याण्णव असे उलटे आकडे मध्येच डोक्यात सुरू व्हायचे आणि कुठेच पोचायचे नाहीत. एकशे एक्कावन्न म्हणजे साडेबारा वर्षं. तो आज बावन्न वर्षांचा. साठीला दुकान त्याला निरोप देणार, हार घालून, भाषण करून. मग उरलेले पंचावन्न हप्ते कोण भरणार, कशातून? कर्ज घेतलं तेव्हा त्याच्या साठीच्या महिन्यात शेवटचा हप्ता येत होता, ते तिनेच बोटांवर मोजून काढलं होतं आणि म्हणाली होती, "बघा, आपलं आणि तुमच्या साठीचं कसं जुळतंय."

तिची शिफ्ट पहाटेची. साडेचारला उठायचं, साडेपाचला बाहेर, दिवसभर ओल्या चादरींच्या वाफेत उभं राहायचं, साडेतीनला घरी. पायांवर निळ्या शिरा दोरखंडासारख्या वर आलेल्या. तिला काय हवं होतं? दागिना नको होता, प्रवास नको होता. मुलगी लग्न होऊन परगावी गेल्यावर एकदा ती म्हणाली होती, "सकाळी दहाला आपल्या घरात ऊन येतं ना, ते मला बघायचंय. बसून. सुटीच्या दिवशी दिसतं, पण तेव्हा हात मोकळे नसतात." त्याची आठवड्याची सुटी गुरुवारची, त्याला ते ऊन माहीत होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते ओट्यावर येतं, मग फरशीवर, मग साधारण सव्वादहाला खुर्चीच्या पायाशी. तो तिला कधीकधी सांगायचा, आज कुठवर आलं होतं. ती लक्ष देऊन ऐकायची. "शंभराच्या आत आलो की सोडते," असं तिने ठरवलं होतं. चार महिन्यांपूर्वी शंभर झाले तेव्हा म्हणाली, बारावी ओळ तेवढी पूर्ण होऊ दे. तिने राजीनामा दिला त्या दिवशी दोघांनी बाहेर बसून आइस्क्रीम खाल्लं होतं आणि ती लहान पोरीसारखी कागदी डबा चाटूनपुसून मोकळी झाली होती.

चालताना त्याला ज्या चौकोनाची आठवण नको होती तोच आठवला. दहाव्या ओळीतला पहिला. ती ओळ निळी आहे, पण पहिला चौकोन पांढऱ्या दोऱ्याने भरलेला आहे, पांढऱ्या कापडावर पांढरा. समोरून रिकामाच वाटतो, कापड तिरकं धरलं तर टाके दिसतात. त्या महिन्यात तिची आई गेली. आई लांब राहायची, दिवसभराचा प्रवास. फोनवर दर वेळी तेच. "कधी येतेस?" "शंभराच्या आत आलो की येते, आई. महिनाभर राहीन." म्हातारीलाही पाठ झालं होतं ते, किती उरले, असं तीच विचारायची, नातवंडाची इयत्ता विचारावी तसं. गेली तेव्हा एकशे एकतीस उरले होते. ते आकडे खरेच नव्हते, हे आज कळलं. दोघी मायलेकी एका चुकीच्या आकड्याकडे बघत थांबून राहिल्या, आणि तो आकडा त्याने घरात आणला होता, "बदल नाही" असं ओरडून. रस्त्याच्या कडेला एका बाकावर तो बसला. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. नुसती लाज वाटत होती, अंगभर, ताप आल्यासारखी.

तिथे बसून त्याने एक गोष्ट ठरवलीसुद्धा. सांगायचंच नाही. कापडावर शहाण्णव आहेत तर शहाण्णव राहू देत. आठ वर्षं हातात आहेत. संध्याकाळचं दुसरं काम बघायचं, कुणाकुणाचे चष्मे घरी आणायचे, काहीतरी होईल. सहीसाठी कागद पुढे केला तर ती वाचत नाही. तिचा त्याच्यावर विश्वास आहे. हे शेवटचं वाक्य मनात उमटलं आणि त्याला स्वतःचीच किळस आली. तो उठला.

तो घरी पोचला तेव्हा ती नुकतीच आली होती. पाय बादलीतल्या कोमट पाण्यात, समोर टेबलावर एक नवं कोरं घड्याळ. "बघा, काय दिलंय मला सगळ्यांनी," ती म्हणाली, आणि हसू तिच्या तोंडावर मावेना. गजराचं घड्याळ होतं, लाल, गोल. लाँड्रीतल्या बायकांनी वर्गणी काढून घेतलं होतं आणि हॉस्पिटलच्या यंत्रदुरुस्तीवाल्याकडून आतली घंटा काढून टाकली होती. "वाजतच नाही! कितीही चावी द्या. म्हणाल्या, आता तू वाजेल तेव्हा नाही, वाटेल तेव्हा ऊठ." दारामागे एका पिशवीत, रोजचा एक वगळून, तिचे बाकीचे दोन्ही युनिफॉर्म धुऊन, इस्त्री करून, घडी घालून ठेवलेले होते, शनिवारी परत करायला. खिशांवरचे बिल्लेसुद्धा तिने काढून एका पाकिटात घातले होते.

"कमी झाला का दर?" तिने विचारलं. दराचं विचारायला बँकेत जातोय एवढं त्याने सकाळी सांगितलं होतं.

"झाला."

"मग तोंड असं का?"

त्याने सांगितलं. उभ्यानेच सांगितलं, चप्पलसुद्धा न काढता. मुदत, साडेनऊ, सहा पत्रं, जाड अक्षरांतली ओळ. "मी पुढचं वाचलं नाही कधी," तो म्हणाला. "मला समजायचं नाही, आणि समजत नाही हे तुला सांगायचं नव्हतं. चुकलं माझं." ती ऐकत होती. पाण्यातले पाय तिने हलवलेसुद्धा नाहीत. मग तिने एकच विचारलं, "किती?"

"एकशे एक्कावन्न. आपल्या हिशोबापेक्षा पंचावन्न जास्त."

ती उठली. ओले पाय फरशीवर उमटवत कपाटाकडे गेली आणि कापड काढून टेबलावर पसरलं. शेवटच्या ओळीखाली दोन बोटांची दुमड होती आणि मग कापड संपत होतं. "पंचावन्न म्हणजे पाच ओळी," ती म्हणाली. "शिवण उसवावी लागेल." तिने सुई घेतली आणि टाके उसवायला सुरुवात केली, एक, दोन, तीन, आणि अचानक थांबली. "आई गेली तेव्हा एकशे एकतीस होते," ती म्हणाली. "मी तिला सांगितलं होतं, आई, आता फक्त एकतीस राहिले शंभराला. खोटंच सांगितलं की हो मी तिला." आणि तेव्हा ती रडली. मोठ्याने नाही. सुई हातात तशीच, दोरा ताणलेला. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने झटकला नाही, पण मान वळवून बघितलंही नाही.

मग तिने पदराने तोंड पुसलं आणि हात पुढे केला. "कागद द्या."

"मी वाचून दाखवतो."

"वाचा. सगळं वाचा."

त्याने वाचलं. जुना दर, नवा दर, शुल्क, शिल्लक मुदत. छापलेलं संपलं तिथे तो थांबला आणि कागदाची घडी घालू लागला. ती बघत होती. "आणि ते खाली पेन्सिलीने?" ती म्हणाली. "की परत एकच ओळ वाचलीत?"

त्याला कधी कोणी एवढं खोल मारलं नव्हतं. ती रागाने बोलली नव्हती, दमून बोलली होती. "काही नाही गं ते," तो म्हणाला. "त्या मुलीने उगाच. मी साठीनंतरही काम करीन, कुठेही करीन."

"साठीनंतर तुम्हाला कोण ठेवणार? वाचा."

"हप्ता तिसऱ्या हिश्शाने वाढवला तर," तो घडी उलगडत म्हणाला, "शहाण्णव."

हिशोब करायला तिला क्षणही लागला नाही. आपल्या पगाराचा आकडा कोणाला माहीत नसतो? तिने खिडकीकडे बघितलं. ऊन कधीच पलीकडच्या इमारतीवर गेलं होतं. "म्हणजे कापड पुरेल," ती म्हणाली. उसवलेले टाके तिने बोटाने मोजले आणि पुन्हा घालायला घेतले, घट्ट, एकाला एक लागून. गाठ मारली, दोरा दातांनी तोडला. मग दारामागची पिशवी आणली, त्यातला एक युनिफॉर्म काढून खुंटीला अडकवला, पाकिटातला बिल्ला काढून खिशाला लावला. "सुपरवायझरबाईंना सकाळी सांगते. माणूस मिळालं नाहीये अजून त्यांना, खूशच होतील." जुनं गजराचं घड्याळ तिने पलंगाशेजारून उचललं, चावी दिली आणि साडेचार लावले. लाल घड्याळ तिने हलवलं नाही.

तो अजून चपला घालूनच उभा होता. तिने आत जाऊन दिवा लावला, गॅसवर काहीतरी ठेवलं, नेहमीसारखं. मग आतूनच म्हणाली, "उद्या गुरुवार ना? तुमची सुटी."

"हो."

"ऊन कुठवर येतं ते नीट बघून ठेवा. आल्यावर सांगा मला."

तो हो म्हणाला.